गोड्या पाण्यातला प्लॅस्टिकचा साठा

तलावात पडलेले प्लॅस्टिक बहुतांशी तलावातच राहते. नदी आपला कचरा पुढे नेते आणि त्याचा हिशेब शेवटी समुद्राच्या खाती लागतो. तलावाचे तसे नाही. पाणलोटातले ओढे-नाले जे आणतील ते तो पोटात घेतो. पाणी वाफ होऊन जाते, सांडव्यावरून जाते, कालव्यातून आणि नळातून जाते. त्यातल्या घन वस्तूंचा मोठा भाग मागे राहतो. तलाव गाळाने भरत जाणे ही जुनीच गोष्ट आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मात्र त्या गाळात असा पदार्थ मिसळू लागला आहे, जो कुजत नाही, नुसता बारीक होत जातो.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर द्रवरूपात असलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ८७ टक्के पाणी सरोवरांत आहे. माणूस पिण्याला, शेतीला आणि मासेमारीला हे पाणी वापरतो. तरीही प्लॅस्टिक प्रदूषणाचा अभ्यास सुरू झाला तो समुद्रापासून. ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द २००४ मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधामुळे रूढ झाला. आज पाच मिलिमीटरहून लहान कणांसाठी तो वापरतात. सरोवरांकडे संशोधकांची नजर वळायला त्यानंतरही जवळजवळ दशक जावे लागले.

२०१२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सुपीरिअर, ह्युरॉन आणि ईरी या सरोवरांच्या पृष्ठभागावरून बारीक जाळी ओढून पाहणी झाली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर चौरस किलोमीटरमागे सरासरी सुमारे ४३,००० कण मिळाले. त्यांत एकसारखे गोल, रंगीत मणी पुष्कळ होते. चेहरा घासून धुण्याच्या क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये घातले जाणारे हे मणी न्हाणीघरातून गटारात, गटारातून शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून निसटून सरोवरात पोहोचत होते. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने अशा प्रसाधनांतल्या मण्यांवर बंदी घालणारा कायदा केला. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत कायदा होण्याचे असे उदाहरण या विषयात दुर्मीळच. ते शक्य झाले, कारण उगम एकच होता, वस्तू अनावश्यक होती आणि तिची जागा घ्यायला अक्रोडाच्या कवचाची पूड किंवा मीठ चालत होते. सरोवरांतल्या बाकीच्या प्लॅस्टिकबाबत यांतली एकही सोय नाही. ही तिन्ही ज्यांत मोडतात, त्या उत्तर अमेरिकेच्या पंचसरोवरांत दरवर्षी सुमारे १०,००० टन प्लॅस्टिक जात असावे, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. त्यातला अर्ध्याच्या आसपास वाटा शिकागो आणि मिल्वॉकी ही शहरे काठावर असलेल्या एकट्या मिशिगन सरोवराचा होता.

शहरांपासून लांब गेले की पाणी स्वच्छ, हा समज मंगोलियातल्या खोव्स्गोल सरोवराने मोडला. डोंगरांनी वेढलेले, काठावर तुरळक वस्ती असलेले हे सरोवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चौरस किलोमीटरमागे २०,००० हून अधिक कण घेऊन समोर आले. इथे क्रीममधले मणी नव्हते. होते ते पिशव्यांचे पापुद्रे, बाटल्यांचे तुकडे आणि मासेमारीच्या जाळ्यांचे धागे. माणसे थोडी होती, पण कचरा उचलणारी व्यवस्था जवळपास नव्हतीच. किती माणसे राहतात यापेक्षा त्यांच्या कचऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरला. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात २३ देशांतल्या ३८ सरोवरांची आणि जलाशयांची एकाच पद्धतीने केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. प्लॅस्टिक नसलेले सरोवर त्यांत एकही निघाले नाही. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरची लुगानो आणि माज्जोरे, तसेच अमेरिकेतले निळ्याशार, नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेले टाहो या सरोवरांत घनमीटरमागे पाचापेक्षा जास्त कण आढळले. महासागरातल्या कचऱ्याच्या भोवऱ्यांमध्ये मोजल्या गेलेल्या काही आकड्यांपेक्षाही हे प्रमाण अधिक होते.

या आकड्यांची एकमेकांशी तुलना मात्र सांभाळून करावी लागते. एक अभ्यास चौरस किलोमीटरमागे कण मोजतो, दुसरा घनमीटरमागे, तिसरा किलोभर सुक्या गाळामागे. पृष्ठभागावर ओढायच्या जाळीची छिद्रे साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची असतात आणि कपड्यांचे बारीक तंतू त्यांतून सहज निसटतात. नमुना प्रयोगशाळेत आला की हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यातले शेवाळ आणि पालापाचोळा जाळावा लागतो. उरलेला प्रत्येक संशयित कण अवरक्त किरणांच्या वर्णपटाखाली तपासावा लागतो, कारण नुसत्या डोळ्यांना कापसाचा धागा आणि पॉलिएस्टरचा धागा सारखेच दिसतात. काम चिकाटीचे आणि खर्चिक आहे. भारतातल्या गोड्या पाण्याच्या तलावांबद्दलची माहिती तुटपुंजी असण्याचे हे एक मोठे कारण. केरळमधल्या वेंबनाड सरोवराच्या गाळात चौरस मीटरमागे सरासरी सुमारे २५३ सूक्ष्मकण असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातल्या सरोवराच्या गाळाबद्दलचा तो अगदी सुरुवातीचा अभ्यास. त्यात कमी घनतेचे पॉलिथीन, म्हणजे पातळ पिशव्यांचे प्लॅस्टिक, सर्वाधिक होते. वेंबनाडचे पाणी काही भागांत आणि काही ऋतूंत खारटसर असते, ही गोष्ट तो आकडा वापरताना ध्यानात ठेवायला हवी.

उपकरणांशिवाय जेवढे कळते तेही थोडे नाही. पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरालगतच्या तलावाचा वाऱ्याखालचा काठ पाहावा. नैऋत्येचा वारा पाण्यावरचे सगळे ढकलत ईशान्येच्या कोपऱ्यात आणतो. जलपर्णीच्या मुळांत झबला पिशव्या गुरफटलेल्या असतात. त्यांच्यामध्ये पानमसाल्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, गोळ्या काढून घेतलेली औषधांची पाकिटे, एका पायाची रबरी चप्पल आणि फुटलेल्या थर्माकोलचे पांढरे मणी. वाकून पाहिले तर चिखलात नखाएवढे त्रिकोणही दिसतात. ते दुधाच्या पिशवीचे कातरलेले कोपरे. पिशवी धुऊन, वाळवून भंगारात जाते, कोपरा मात्र मोरीच्या जाळीतून सुटतो. पिशवी कापताना टोक पूर्ण न तोडता लोंबते ठेवले, तर तोही पिशवीबरोबर परत जातो. एवढी लहानशी सवय, पण रोज प्रत्येक घरी एक-दोन कोपरे या हिशेबाने तिचे मोल मोठे आहे.

या ढिगात काय नसते, हेही पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वापराच्या मानाने कमी दिसतात, कारण बाटलीला भंगारात भाव आहे. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या कष्टकऱ्यांच्या हातांनी जे वेचले जाते ते तलावापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ते बिनभावाचे. पानमसाल्याच्या पुडीत प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम आणि पुन्हा प्लॅस्टिक असे एकमेकांना चिकटलेले थर असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. २०१६ च्या केंद्रीय प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्याच्या प्लॅस्टिक पुड्यांना मनाई केली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. काठावरच्या चिखलात त्या अजून सापडतात.

शहरी तलावात प्लॅस्टिक येण्याच्या मुख्य वाटा म्हणजे पावसाच्या पाण्याचे नाले, त्यांत सोडलेले मैलापाणी आणि काठावरची वर्दळ: सहलीला आलेली माणसे, खाद्यपदार्थांच्या गाड्या, विसर्जन. निर्माल्य पाण्यात सोडण्याची प्रथा फुला-पानांच्या काळातली आहे आणि त्या काळात ती निर्धोक होती. आता निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत येते आणि अनेकदा गाठीसकट पाण्यात पडते. त्याच्यासोबत थर्माकोलचे मखर, जरीच्या झालरी आणि कृत्रिम फुलांचे हार असतात. कोल्हापुरातली मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची चळवळ, शहरोशहरी ठेवले जाणारे निर्माल्य कलश आणि कृत्रिम हौद यांनी ही एक वाट बरीच अरुंद केली. श्रद्धेला हात न लावता वस्तूंचा मार्ग बदलता येतो, हे या कामाने दाखवून दिले.

शेतीतल्या प्लॅस्टिकची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. ठिबकच्या नळ्या, भाजीपाल्याच्या गादीवाफ्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर, खतांच्या विणलेल्या गोण्या, रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या, द्राक्षबागेवरचे आच्छादन आणि शेततळ्याचा कागद यांशिवाय आजची बागायत चालत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेच्या काळात राज्यात शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतल्या पुष्कळ तळ्यांच्या तळाशी जाड प्लॅस्टिकचे अस्तर आहे. उन्हाने या साऱ्याला तडे जातात. मल्चिंग पेपर तर केसापेक्षाही पातळ असतो. एका हंगामानंतर तो अखंड निघतच नाही, त्याचे तुकडे नांगरटीत मातीत जातात आणि पावसाबरोबर ओढ्याला लागतात. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे पाणलोट शेतजमिनीचेच आहेत.

काही प्लॅस्टिक अदृश्य वाटांनी येते. ॲक्रिलिकच्या कपड्यांचा सहा किलोंचा एक घाणा धुतला की सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे प्लिमथमधल्या २०१६ च्या प्रयोगाने दाखवले. शुद्धीकरण केंद्रे यांतले बहुतेक तंतू अडवतात, पण अडवलेले तंतू गाळात साठतात आणि तो गाळ खत म्हणून शेतावर गेला की फेरा पुन्हा सुरू होतो. टायरची झीज हा दुसरा मोठा उगम. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराच्या पाणलोटाचा हिशेब मांडताना वर्षाला सुमारे ५५ टन प्लॅस्टिक सरोवरात जाते असा अंदाज निघाला, आणि त्यात टायरच्या भुकटीचा वाटा सर्वांत मोठा होता. घरोघरी कचरा उचलणाऱ्या देशातही हे घडते, कारण रस्त्यावरची भुकटी कुठल्याच कचरापेटीत जात नाही. शिवाय वारा आहेच. फ्रान्समधल्या पिरनीज पर्वतात, गावांपासून दूरच्या ठिकाणी, चौरस मीटरमागे रोज सरासरी ३६५ सूक्ष्मकण आकाशातून पडत असल्याचे २०१९ मध्ये नोंदवले गेले. डोंगरमाथ्यावरच्या निर्जन तळ्यात प्लॅस्टिक कसे पोहोचते, याचे उत्तर त्यात आहे.

पाण्यात आल्यावर प्लॅस्टिकचे काय होते, ते मुख्यतः घनतेवर ठरते. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके, नायलॉन किंचित जड, तर बाटलीचे पेट प्लॅस्टिक पाण्याच्या जवळपास १.३८ पट जड. म्हणून बूच उघडे राहिलेली बाटली पाणी भरून तळाला जाते आणि तिचे बूच तरंगत काठाला लागते. एकाच वस्तूचे दोन भाग तलावाच्या दोन टोकांना सापडतात. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडे हलके असल्याने पाण्याच्या जवळपास घनता असलेले कण इथे लवकर बुडतात. तरंगणारे तुकडेही कायम तरंगत नाहीत. काही आठवड्यांत त्यांच्यावर जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, त्याला मातीचे कण चिकटतात आणि वजन वाढून तुकडा खाली बसतो. त्यामुळे पृष्ठभागावरची पाहणी ही एकूण साठ्याची फक्त साय असते.

पाणी सरोवरात किती काळ मुक्काम करते, यावर पुढचे अवलंबून. ईरी सरोवराचे पाणी साधारण अडीच-तीन वर्षांत बदलते. सुपीरिअरला त्यासाठी जवळपास १९० वर्षे लागतात, आणि टाहोला सुमारे साडेसहाशे. टाहोच्या काठावर आज फुटलेली पिशवी मानवी इतिहासाच्या मापाने तिथेच राहणार आहे. ओंटारिओ सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांमध्ये प्लॅस्टिक वरच्या आठ सेंटिमीटरांतच मिळाले. तेवढा गाळ चाळीस वर्षांच्या आत साचलेला होता. भूवैज्ञानिकांना एखादा थर राखेवरून ओळखता यावा, तसा आपला काळ त्यांना प्लॅस्टिकवरून ओळखता येईल.

दख्खनच्या तलावांची रीत निराळी आहे. ते पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात ओसरतात. पाणी मागे हटले की शेकडो फूट रुंद काठ उघडा पडतो. त्यावर कुठे गाळपेर होते, कुठे गुरे चरतात, आणि त्याच काठावर गेल्या पावसात आलेले प्लॅस्टिक फेब्रुवारी ते मे भाजत पडते. अतिनील किरणांनी पॉलिथीनच्या साखळ्या तुटतात. मे महिन्यात अशी पिशवी उचलायला जावे, तर ती चिमटीतच वाळक्या पानासारखी चुरते. जूनमध्ये पाणी चढते आणि हा चुरा उचलून नेते. बारमाही भरलेल्या खोल, थंड सरोवरात ज्या विघटनाला फार मोठा काळ लागेल, ते इथे दरवर्षी एकेक पायरी पुढे सरकते. जलपर्णी त्यात भर घालते. तिची मुळे कचरा धरून ठेवतात, म्हणून ती वेळेवर काढली तर तिच्याबरोबर पुष्कळ प्लॅस्टिकही निघते. तीच काठावर ढीग करून कुजू दिली, तर सगळे परत पाण्यात.

पाण्यातल्या जिवांवर होणाऱ्या परिणामांपैकी डोळ्यांना दिसणारे आधी. जलाशयातले भोई आता बहुधा नायलॉनच्या तंगुसाची जाळी वापरतात. फाटलेले किंवा अडकलेले जाळे सोडून दिले, तर ते पुढेही मासे, कासवे आणि बुडी मारणारे पाणकावळे धरत राहते. ते कुजत नाही, त्यामुळे त्याची शिकार थांबत नाही. काठावर चरणाऱ्या गाई उष्ट्या अन्नासकट पिशव्या गिळतात. पक्षी घरट्यासाठी जे जवळ मिळेल ते उचलतात. ॲमस्टरडॅमच्या कालव्यात चांदव्याच्या, म्हणजेच वारकरी पक्ष्याच्या, एका घरट्यात प्लॅस्टिकचे थरावर थर निघाले आणि वेष्टनांवरच्या तारखांवरून तळचा थर १९९० च्या दशकातला असल्याचे कळले. मुळात हे पक्षी दरवर्षी नवे घरटे बांधतात, कारण पाणवनस्पती कुजून जातात. न कुजणाऱ्या घरट्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या परतता येते.

सूक्ष्मकणांचे परिणाम कमी दिसतात. पाण्यातले सूक्ष्म प्राणी कण अन्न समजून गिळतात, पोट भरल्याचा भास होतो आणि वाढ खुंटते, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. टांझानियातल्या म्वांझा इथे बाजारातून घेतलेल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या नाईल पर्च आणि तिलापिया या माशांपैकी प्रत्येकी सुमारे २० टक्के माशांच्या आतड्यांत प्लॅस्टिक सापडले. डासांच्या अळ्यांनी गिळलेले कण पूर्ण वाढलेल्या डासाच्या शरीरात टिकून राहतात, म्हणजे पाण्यातले प्लॅस्टिक उडून जमिनीवरच्या अन्नसाखळीत शिरू शकते, हे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवले. प्रयोगशाळेतल्या मात्रा बऱ्याचदा तलावातल्या मात्रेपेक्षा खूप जास्त असतात, ही या प्रयोगांची खरी मर्यादा. म्हणूनच कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेल्या तलावांमध्ये आता प्रत्यक्ष तलावावरच याचा अभ्यास केला जात आहे. पिण्याच्या पाण्यापुरते सांगायचे, तर तुरटीची प्रक्रिया आणि वाळूच्या गाळण्या बहुतेक कण अडवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी असल्याचे सांगून, अतिसूक्ष्म कणांबाबत अधिक अभ्यासाची गरज नोंदवली. जिथे तलावाचे पाणी न गाळता थेट प्यायले जाते, तिथे ही गाळणीच नाही.

कायद्यांची कमतरता नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात पिशव्यांनी तुंबलेले नाले सगळ्यांनी पाहिले आणि २००६ मध्ये राज्याने पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली आणि वेष्टनांचे उत्पादक ती परत घेण्यास जबाबदार धरले गेले. पहिले काही महिने दुकानांत कापडी पिशव्या दिसतात, मग भाजीच्या गाडीवर झबला पिशवी परत येते. दंड बहुतेक वेळा हातगाडीवाल्यावर पडतो आणि पिशवी बनवणारा कारखाना सुटतो, हे या अंमलबजावणीचे सर्वांत मोठे अपयश. जागतिक कराराची बोलणी २०२२ पासून चालू झाली, पण ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची फेरीही सहमतीविना संपली.

तलाव वाचवायचा, तर काम पाणलोटात करावे लागते. मुंबईतले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत आणि आजही शहराला पाणी देतात. शेजारचा पवई (१८९१) इमारतींनी आणि वस्त्यांनी वेढला गेला, मैलापाणी त्यात उतरले. त्याचे पाणी कुणी पीत नाही. अंतर थोडे, पाऊस तोच. नाल्याच्या मुखाशी जाळी किंवा तरंगता अडसर लावणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय आहे. मात्र ती जाळी पावसाळ्यात रोज साफ करायला माणसे हवीत. तुंबण्याच्या भीतीने ऐन जूनमध्ये ती काढून ठेवली, तर वर्षातला सर्वाधिक कचरा येतो तेव्हाच दार उघडे राहते. हौशी स्वच्छता मोहिमांचा उपयोग काठापुरता असतो आणि तो खराही असतो: अखंड पिशवी उचलली गेली की तिचे होऊ घातलेले हजारो तुकडे टळतात. एकदा चुरा झाला की तो पाण्यातून वेचणारे, तलावातल्या जिवांना धक्का न लावणारे साधन आजवर हाती नाही.

उरतो गाळ. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने राज्यातल्या तलावांचा सुपीक गाळ शेतकऱ्यांच्या रानात नेला, तलावांची साठवण वाढवली आणि हलक्या जमिनींना कस दिला. दूरच्या पाझर तलावांपुरती ही देवाणघेवाण चांगलीच आहे. शहराखालच्या किंवा बाजारपेठेच्या गावालगतच्या तलावात मात्र त्याच गाळात वीस-पंचवीस वर्षांचे पापुद्रे आणि तंतू बसलेले असतात. नत्र, स्फुरद, पालाश तपासणाऱ्या नेहमीच्या माती परीक्षणात प्लॅस्टिक मोजले जात नाही. ट्रॉली रानात रिकामी होते, गाळ पसरला जातो, आणि नांगराच्या तासात पिशव्यांचे तुकडे उन्हात चमकत राहतात.